लालबागची खुंटी, घाटकोपरचं घर

वनमाला मुळात हट्टी नव्हती, असं तिच्या माहेरचे लोक सांगत. सासरचे बरोबर उलट सांगत. दोन्ही बाजू खऱ्या असाव्यात. माहेरी हट्ट धरावा असं काही तिच्या वाट्याला आलंच नव्हतं, आणि सासरी तिनं जो एकच हट्ट धरला तो सगळ्या गावाला पुरून उरला. हट्ट काय, तर नवऱ्याबरोबर एका घरात राहायचं. ऐकायला किती साधी गोष्ट! पण देवगडच्या अंगाला, तिच्या गावात, त्या काळी ही चैन समजली जाई.

गावातले कमावते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि बायका गावच्या शेतात, अशी वाटणी कधीची झालेली होती. पुरुष गणपतीला येत, रजा मिळाली तर शिमग्याला येत आणि बोटीत बसून परत जात. लग्नाला वर्षं किती झाली हे वनमाला चटकन सांगे. पण संसार किती झाला असं कुणी विचारलं तर तिला गणपती आणि शिमगे मोजावे लागत. तिची मुलगी शेवंती बोलायला लागली ती बापाला ‘मुंबयकार’ म्हणूनच हाक मारायला लागली. घरातले सगळे पोट धरधरून हसले. वनमालेला काही हसू आलं नाही.

तिचा नवरा गुणाजी लालबागच्या एका गिरणीत कापड विणायचे दोन साचे चालवी. राहायला गावच्या खोलीत. ही खोली गावानं मिळून घेतलेली, गावच्याच पुरुषांसाठी. तिथं प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी, खुंटीखाली एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि ट्रंकेपुढे अंग टाकण्यापुरती जमीन. जागा घेताना गावाच्या फंडात रक्कम ठेवायची, महिन्याला वर्गणी द्यायची. जागा सोडली की रक्कम परत. पण सोडतो कोण? गुणाजीची खुंटी त्याच्या बापानं मिळवलेली. गावाला असलेल्या जमिनीच्या तुकड्याचं नाव निघालं तर गुणाजी जांभई देई, पण खुंटीचं नाव निघालं की ताठ बसे.

एका गणपतीत, गौरी गेल्यावर, वनमालेनं विषय काढला. आपल्याला आणि मुलीला मुंबईला ने.

“आणि ठेवू खंय?” गुणाजी म्हणाला. “खोलयेत बायल-माणसां रवतत?”

“मगे दुसरी खोली बघा.”

“लालबागात? पागडी किती मागतत ठाव आसा?”

“तुमच्या बापाशीची खुटी आसा ना मोठी,” वनमाला म्हणाली. “त्या खुटयेर माका टांगा.”

गुणाजी चिडला, पण बोलणं त्याला लागलं. मुंबईला गेल्यावर तो खरोखरच खोल्या बघत हिंडला. गिरणीच्या आसपासची एकेक पागडी ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले. विणकराच्या पगारात लालबागला एकट्या पुरुषानं खुंटीवर राहावं, कुटुंबानं राहू नये, असं जणू शहरानंच ठरवून टाकलं होतं. शेवटी साच्यावरच्या एका सोबत्यानं घाटकोपरचं नाव काढलं. स्टेशनापासून बरंच आत, टेकाडाच्या उतारावर पत्र्याची चाळ, कुडाच्या भिंती, शेजारी म्हशींचा तबेला. पागडी नाही. भाडं असं, की गुणाजीनं मालकाला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

गावच्या खोलीचा कारभार भाऊ म्हणून एक वयस्क गृहस्थ बघत. त्यांनी गुणाजीला जवळ बसवून सांगितलं, “जा. पण दुरून डोंगर साजरे असतत. शिमग्यापर्यंत तुझी खुटी तुझ्याच नावार ठेवतंय. वर्गणी तेवढी देत रव. शिमगो झालो की मगे जागा दुसऱ्याची.” गुणाजीनं ट्रंक तिथंच ठेवली, खुंटीवरचा कोटही तिथंच ठेवला, आणि नुसती वळकटी घेऊन घाटकोपरला गेला.

दिवाळी झाल्यावर वनमाला शेवंतीला घेऊन बोटीनं आली. टेकाडावर पोचल्यावर तिनं आधी दार उघडून बघितलं, मग बंद करून बघितलं, मग पुन्हा उघडलं. स्वतःचं दार! कडी सैल होती आणि पत्र्याला भोकं होती, पण त्या दिवशी तिला कुणी राजवाडा देऊ केला असता तरी तिनं ‘राहू दे’ म्हटलं असतं.

राहायला लागल्यावर हळूहळू उलगडा झाला. भाडं स्वस्त म्हणजे राहणं स्वस्त नव्हे. गावाला लाकूडफाटा रानातून येई, विहीर परसात होती. इथं कोळसे विकत, रॉकेल विकत, आणि पाणी फुकट असलं तरी ते उताराच्या तळाशी नळावर रांग लावून वर वाहून आणायचं. लालबागला गुणाजी गिरणीत पायी जाई. आता रेल्वेचा पास काढावा लागे. मासळी तर विचारू नका. जेवणात मासळी नसली तर गुणाजीला आजारी असल्यासारखं वाटे, आणि घाटकोपरच्या बाजारात मासळी यायची ती शिळी होऊन आणि महाग होऊन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातली गत. वर खुंटीची वर्गणी चालूच होती. एका पगारात दोन बिऱ्हाडं, आणि त्यातलं एक रिकामं.

वनमालेनं कंबर कसली. माहुलहून टोपली घेऊन चालत येणारी एक कोळीण तिनं हेरली आणि बाजारात पोचायच्या आत तिला उतारावरच गाठायला सुरुवात केली. शेजारची सुगंधा साताऱ्याकडची, जिभेला हाड नसलेली पण मनानं सरळ. तिच्याबरोबर तबेल्यातलं शेण आणून वनमाला गोवऱ्या थापू लागली आणि कोळशांचा खर्च निम्म्यावर आणला. शेवंतीचं नाव खालच्या शाळेत घातलं. पहिले काही दिवस पोर बाप घरात आला की आईच्या पदराआड लपे. मग पदरातून डोकावू लागली. एक दिवस गुणाजी जेवायला बसला असताना आपणहून त्याच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्याच्या ताटातला बांगड्याचा तुकडा उचलला. गुणाजी हात धुवायचा विसरून तसाच बसून राहिला. त्या दिवसापासून संध्याकाळी तो उतार चढू लागला की पोर धावत खाली जाई. हे सुख त्यानं कधी पाहिलेलंच नव्हतं.

तर असं सगळं मार्गाला लागत असताना घात केला तो भोंग्यानं. म्हणजे भोंग्याच्या नसण्यानं.

लालबागला घड्याळ कुणाच्या घरात नव्हतं, लागतही नव्हतं. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला की अख्खा मोहल्ला उठे, पुढच्या भोंग्याला चहा, त्याच्या पुढच्याला फाटकात. मेलेलं माणूसही उठून बसेल असा तो आवाज. गुणाजीनं नवी खोली घेताना भाडं विचारलं, पाणी विचारलं, संडास कुठं ते विचारलं. पण भोंगा ऐकू येतो का, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. सूर्य उगवतो का, असं कुणी विचारतं का? आणि घाटकोपरच्या टेकाडावर भोंगा नव्हता. वारा बरा असला तर कुर्ल्याच्या बाजूचा एखादा पुसटसा ऐकू येई, पण वारा काही गिरणीचा नोकर नव्हता.

गुणाजी जागा झाला तेव्हा पत्र्याच्या भोकातून उन्हं तोंडावर आली होती. धावतपळत गिरणीत पोचला, तर फाटक बंद आणि त्याच्या साच्यांवर बदली कामगार उभा.

पुढे वनमालेनं जबाबदारी स्वतःकडे घेतली. गावाला ती कोंबड्याच्या आरवण्यावर उठे. इथं सुगंधाचा कोंबडा होता. त्याच्या आरवण्यावर तिनं नवऱ्याला उठवून भाकरी बांधून दिली, आणि गुणाजी स्टेशनात जाऊन बसला तर गाड्याच सुरू झालेल्या नव्हत्या. सुगंधाला कळल्यावर ती कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं बाई, त्या कोंबड्याचं काय ऐकतेस? तबेल्यातले भय्ये दूध काढायला कंदील लावतात ना, त्या उजेडाला भुलून तो केव्हाही ओरडतो. येडा आहे तो!” पुढच्या खेपेला वनमालेनं कोंबड्याकडे लक्ष दिलं नाही, आणि नेमका त्याच दिवशी कोंबडा खरं बोलला. गुणाजीचे साचे पुन्हा बदलीवाल्याच्या हाती गेले. चाळीत दुसऱ्या कुणाला उठवायला सांगावं तर पहाटेच्या पाळीचं दुसरं कुणी नव्हतंच. रात्र रात्र बसून काढायचा प्रयोगही वनमालेनं केला. नवरा वेळेवर गेला, पण ती नळावर भोवळ येऊन पडली.

खात्यावरच्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, गुणाजीला सगळ्यांसमोर झापलं. “परत उशीर झाला ना गुणाजी, तर वाट लागली समज. कायमची जागा जाईल, बदलीवाल्यांच्या रांगेत उभा राहशील.”

त्या संध्याकाळी शेवंती उतारावर धावत गेली तर बापानं तिला उचललं नाही. जेवताना तो म्हणाला, “ह्या माका जमाचा नाय. शिमगो झालो की तू आणि चेडू बोटीन घराक जावा. मी खोलयेत जातंय.”

वनमालेचा हात भाकरीवरच थांबला. “बायलेपरास भोंगो मोठो झालो?”

“काम गेला तर खातलंस काय? दगड?”

“सुगंधा सांगता गजराचा घड्याळ मिळता. आपणच वाजता.”

“पैशे खंयसून आणू?”

“खुटयेर टांगलेले आसत ते,” वनमाला म्हणाली. “फंडातले. आणि म्हयन्याक वर्गणी घालतात ती.”

गुणाजीनं ताट सरकवलं. “बापाशीन ठेवलेली जागा आसा ती. तिचा नाव काढू नको.” तो बाहेर जाऊन बसला. त्याचंही चूक नव्हतं. भूक, संप, आजार, काहीही येवो, ती खुंटी आहे तोवर मुंबईत आपल्याला पाठ टेकायला जागा आहे, एवढा एकच भरवसा त्याला बापाकडून मिळाला होता. आणि बायको सांगत होती की तो भरवसा विकून टिकटिक करणारा डबा घे.

रविवारी गावच्या खोलीत बैठक होती. शिमग्याला पालखीसाठी कोण गावी जाणार, कुणी किती वर्गणी द्यायची, हे ठरवायला सगळे जमत. गुणाजी त्याच बैठकीत भाऊंना सांगणार होता, मी परत येतो म्हणून. तो टोपी घालून निघाला तर वनमाला शेवंतीची वेणी घालून तयार.

“तू खंय?”

“मीय येतंय. चेडूय येतला. ज्या खुटयेसाठी आमी घराक जातलाव ती बघूक तरी गावूदे.”

लालबागला चाळीचा जिना चढून वर गेल्यावर गुणाजी आत गेला आणि वनमाला मुलीला घेऊन दाराबाहेर थांबली. खोलीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, हा काही लिहिलेला नियम नव्हता. तशी वेळच कुणावर आली नव्हती. जिन्याच्या वळणावर एक तरुण गडी स्वतःच्या ट्रंकेवर बसला होता. त्याची वळकटीही तिथंच, भिंतीला लावून. आत त्याला जागा नव्हती.

वनमालेनं दारातून आत बघितलं. इतकी वर्षं जिचं नाव ऐकलं ती खोली हीच! भिंतभर खुंट्या, खुंट्यांवर सदरे, खाली ट्रंकांना खेटून ट्रंका. रात्रपाळीची माणसं तिथंच, त्या सगळ्या बोलण्यात, तोंडावर पंचा ओढून झोपली होती. ती उठली की त्याच चटईवर दिवसपाळीची झोपत. गुणाजीची जागा तिनं कोटावरून ओळखली. कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागेल एवढीच ती होती. हा माणूस गावी आला की ओटीवर ऐसपैस पाय पसरून मुंबईच्या गप्पा मारी, पण हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. तिचा त्याच्यावरचा इतक्या दिवसांचा सगळा राग गळून गेला. मग नवा राग आला, तो नवऱ्याचा नव्हता. याला परत इथं येऊ द्यायचं नाही, एवढं मात्र तिनं त्या क्षणी पक्कं केलं.

आत पालखीचं बोलणं संपलं. भाऊ म्हणाले, “गुणाजी, तुझा काय ता सांग रे.”

गुणाजी घसा खाकरून उभा राहिला. तो तोंड उघडायच्या आत वनमाला उंबरा ओलांडून आत आली होती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, “भाऊनू, आमची जागा आमी सोडताव. फंडातले पैशे परत देवा. गजराचा घड्याळ घेवचा आसा.”

झोपलेल्यांपैकी एकानं तोंडावरचा पंचा काढून बघितलं.

भाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते समजुतीनं म्हणाले, “बाय, शिमग्याक वेळ आसा. घाई कित्याक? उद्या ह्येचा काम गेला तर खंय जातल्यात? ही जागा मगे मिळाची नाय.”

“ठाव आसा.”

“पोर लहान तुझा. रस्त्यार जातल्यात?”

“खंय जावचा ता तेव्हा बघू,” वनमाला म्हणाली. “पण जातलाव ते तिगाय जातलाव. एक हय आणि दोन थय, ह्या आता होवचा नाय. घोव गणपतीक बघूचो आणि शिमग्याक बघूचो... भाऊनू, तुमची बायल अशीच म्हातारी झाली ना?”

भाऊंची बायको दोन वर्षांपूर्वी गावी वारली होती आणि पावसात बोटी बंद असल्यामुळे त्यांना पोचता आलं नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. वनमालेलाही माहीत होतं. बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे आपण बोलायला नको होतं. पण शब्द परत घेण्यासारखा नव्हता, आणि खोटाही नव्हता.

भाऊंनी गुणाजीकडे बघितलं. “बायल सांगता ता खरा?”

आता सगळं गुणाजीवर आलं. त्यानं कोटाकडे बघितलं. बापाचं नाव घेऊन त्यानं नाही म्हटलं असतं तर सगळी खोली त्याच्या बाजूनं उभी राहिली असती. दारात शेवंती एका पायावर उभी राहून आतल्या गर्दीत बापाला शोधत होती. तो दिसल्यावर ती हसली आणि हात हलवला.

“खरा,” गुणाजी म्हणाला. “जागा सोडली आमी.”

पुढे मग एक घाव दोन तुकडे. भाऊंनी फंडाच्या पेटीतून पैसे काढून गुणाजीच्या हातावर ठेवले. वनमालेकडे न बघता ते म्हणाले, “घड्याळ घेशात ता चांगला वाजणारा घेवा.” गुणाजीनं खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला आणि ट्रंक खांद्यावर घेतली. ट्रंकेखालची जमीन तेवढीच गुळगुळीत राहिली होती, बापापासूनची. ती बघायला तो थांबला नाही, आणि वनमालेनंही त्याला थांबू दिलं नाही.

ते दारापर्यंत येतात न येतात तोच जिन्यावरचा तो गडी आपली ट्रंक ओढत आत शिरला. जयवंत त्याचं नाव, गावच्या वरच्या वाडीतला. त्यानं रिकाम्या खुंटीवर सदरा अडकवला, खाली ट्रंक सरकवली आणि तिच्यावर बसून दोन्ही हातांनी आपलेच गुडघे थोपटले. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की सगळी खोली हसली. आपणही असंच हसलो होतो, असं गुणाजीला वाटलं असावं, कारण तोही हसला.

वनमाला उंबऱ्यात थबकली. “जयवंता, लगीन झाला तुझा?”

“झाला तर,” तो लाजून म्हणाला. “आवंदाच.”

“ती खंय आसा?”

“घराक,” जयवंत म्हणाला. दुसरीकडे कुठं असणार, असा त्याचा सूर होता.

वनमालेनं त्या न पाहिलेल्या पोरीचा विचार केला. ती आता परसात भांडी घासत असेल. नवऱ्याला मुंबईत जागा मिळाल्याची चिठ्ठी गावी पोचली की सासू देवापुढे गूळ ठेवील, आणि पोरीनंही आनंद मानायचा असेल. वनमालेच्या डोळ्यांत पाणी आलं. इथवर नवऱ्यासमोर, भाऊंसमोर, सगळ्या गावासमोर तिनं ते येऊ दिलं नव्हतं.

“तिका लवकर आण रे,” ती म्हणाली. “ह्या खुटयेर रमू नको.”

जयवंत ‘हो हो’ म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो आपला सदरा खुंटीवर नीट टांगत होता.